बॅटरीचा एक्स-रे काढला तर आत नेमकं काय दिसतं?

प्रश्न असा आहे: पेन्सिल सेल, मोबाइलची बॅटरी, टॉर्चमधला १८६५० सेल अशा रोजच्या बॅटऱ्यांचा एक्स-रे काढला तर आत काय दिसतं? आणि सेल खरा की नकली, भरलेला की संपलेला, धोक्याचा की बिनधोक, हे त्या चित्रावरून सांगता येतं का?

औद्योगिक एक्स-रे आणि सीटी स्कॅनिंग हेच माझं रोजचं काम. टेबलावर येणाऱ्या वस्तूंमध्ये हल्ली बॅटऱ्याच जास्त असतात. आधी थोडक्यात सांगतो. नकली सेल बहुतेक वेळा उघडा पडतो. लिथियम सेल भरलेला आहे की रिकामा, ते आमच्या नेहमीच्या यंत्रावर कळत नाही. धोक्यांपैकी काही लख्ख दिसतात आणि काही अजिबात दिसत नाहीत. हे शेवटचं लोकांना पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक्स-रे म्हणजे सावली. ती किती गडद पडणार हे वस्तूची जाडी, घनता आणि मुख्य म्हणजे तिच्यातल्या मूलद्रव्याचा अणुक्रमांक यांवर ठरतं. कमी ऊर्जेच्या किरणांचं शोषण साधारण अणुक्रमांकाच्या घनाच्या पटीत वाढतं. आता बॅटरीत काय काय असतं ते बघा. लिथियम ३, कार्बन ६, अ‍ॅल्युमिनियम १३. मग एकदम उडी: मँगनीज २५, लोखंड २६, कोबाल्ट २७, निकेल २८, तांबं २९, जस्त ३०. पहिल्या गटातल्या गोष्टी चित्रातून जवळजवळ गायब होतात, दुसऱ्या गटातल्या ठसठशीत उमटतात. प्लास्टिक, इलेक्ट्रोलाइट (आयन वाहून नेणारा आतला द्रव), ग्रॅफाइट, लिथियम हे सगळे पहिल्या गटातले. म्हणजे ज्याच्या नावाने बॅटरी विकली जाते ते लिथियमच एक्स-रेला दिसत नाही! शिसं तर ८२. गाडीच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा साध्या यंत्रावर एक्स-रे काढला तर काळा ठोकळा मिळतो, त्यामुळे तिचा विषय इथेच सोडतो.

एक खुलासा. दवाखान्यातल्या फिल्मवर हाडं पांढरी दिसतात. आमच्या स्क्रीनवर बहुधा उलटं असतं, जड ते काळं आणि हलकं ते फिकट. पुढे मी त्याच अर्थाने काळं-फिकट म्हणणार आहे.

सुरुवात पेन्सिल सेलपासून करू, कारण शिकायला त्याच्याइतका सोपा नमुना नाही. १४.५ मिलिमीटर व्यास आणि ५०.५ मिलिमीटर लांबीचा अल्कलाइन सेल यंत्रात उभा ठेवला की दोन्ही कडांना स्टीलच्या डब्याची बारीक काळी रेघ दिसते. तिला आतून चिकटून एक जाड गडद पट्टा असतो. तो मँगनीज डायऑक्साइड आणि ग्रॅफाइट यांच्या दाबून बसवलेल्या कड्यांचा. कडी एकावर एक रचलेली असतात आणि नीट पाहिलं तर त्यांचे सांधे आडव्या केसासारखे दिसतात. त्याच्या आत सेपरेटरची, म्हणजे धन-ऋण बाजू वेगळ्या ठेवणाऱ्या पातळ पडद्याची, फिकट फट. मग जस्ताच्या भुकटीचा जेल, रवाळ आणि ठिपक्या-ठिपक्यांचा. आणि अगदी मधोमध, सपाट टोकाकडून आत घुसलेला पितळी खिळा. तो दुसऱ्या टोकापर्यंत पोचत नाही, आधीच संपतो.

हा खिळा पाहून बरेच जण चक्रावतात. त्यांना वाटत असतं की वरचं बोंडूक म्हणजे आतल्या कांडीचं टोक. अल्कलाइन सेलमध्ये बोंडूक हा डब्याचाच भाग असतो. अख्खा स्टीलचा डबा धन असतो आणि खिळा सपाट, म्हणजे ऋण टोकाला जोडलेला असतो. त्याच टोकाला प्लास्टिकचं सील दिसतं. सीलमध्ये एक जागा मुद्दाम पातळ ठेवलेली असते. आत वायू साठून दाब वाढला की ती फाटते आणि डबा फुटण्याऐवजी आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली द्रव, बाहेर येतं. रिमोटमध्ये स्प्रिंगच्या बाजूला पांढरी बुरशी दिसते ती यामुळेच. एक्स-रेत सीलच्या खाली थोडी मोकळी जागाही दिसते. सेल कमी भरला म्हणून ओरड करू नका. जस्ताचं ऑक्साइड झालं की आकारमान वाढतं, त्यासाठी सोडलेली ती जागा आहे.

जुन्या पद्धतीचा झिंक-कार्बन सेल बरोबर उलटा. त्यात डबाच जस्ताचा आणि ऋण, मध्ये कार्बनची कांडी आणि ती धन. कार्बन हलका, त्यामुळे गडद मसाल्याच्या मधोमध एक फिकट पट्टा उभा दिसतो. मी नव्या मुलांना एवढंच सांगतो: मध्ये काळी रेघ असेल तर अल्कलाइन, फिकट असेल तर झिंक-कार्बन. वेष्टनावर काहीही छापलेलं असो. झिंक-कार्बन वापरून झाला असेल तर डब्याची भिंत जागोजागी कुरतडलेली दिसते, कारण डबा हेच त्याचं इंधन.

अल्कलाइन किती वापरला गेलाय हेसुद्धा चित्रात काही प्रमाणात दिसतं. बदल सेपरेटरला लागून असलेल्या जस्ताच्या कणांपासून सुरू होतो आणि आतल्या खिळ्याकडे सरकत जातो. ताज्या सेलमधले सुटे कण हळूहळू एकजीव झाल्यासारखे दिसू लागतात. संपलेला सेल टेबलावर उभा सोडला की टणकन उडतो हा घरगुती प्रयोग तुम्हाला माहीत असेल, त्याचं कारण हेच. झिंक ऑक्साइडने कण एकमेकांना जोडले जातात आणि ओल्या वाळूसारखा धक्का गिळणारा जेल कडक होतो. २०१५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजलं, तर उडी वाढायची ती अर्ध्या चार्जच्या आसपासच थांबते असं निघालं. तेव्हा उडी मारली म्हणून सेल फेकू नका, अर्धा शिल्लक असू शकतो.

रिचार्जेबल पेन्सिल सेलमध्ये खिळा-कांडी काही नसतं. निकेल-मेटल हायड्राइडमध्ये दोन पट्ट्या सेपरेटरसह गुंडाळलेल्या असतात आणि दोन्ही पट्ट्या जड धातूंच्या, म्हणून चित्र फार काळं येतं. गंमत असते ती १.५ व्होल्टच्या रिचार्जेबल लिथियम पेन्सिल सेलमध्ये. आत एक आखूड लिथियम-आयन सेल आणि टोकाला इवलासा सर्किट बोर्ड, त्यावर तारेच्या वेढ्यांची कॉइल. लिथियम-आयनचे साडेतीन-पावणेचार व्होल्ट उतरवून दीड करायचं काम हे सर्किट करतं. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी पाहिली तर आत दीड व्होल्टचे सहा सेल. काहींत करंगळीहून बारीक सहा नळ्या, काहींत एकावर एक ठेवलेल्या सहा चपट्या वड्या.

आता १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या, पॉवर बँक, टॉर्च, सगळीकडे हाच. आत एक लांब गुंडाळी असते, तिला आम्ही जेली रोल म्हणतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर दोन्ही बाजूंनी निकेल-कोबाल्ट-मँगनीजसारख्या ऑक्साइडचा थर हा धन बाजूचा कॅथोड, तांब्याच्या फॉइलवर ग्रॅफाइटचा थर हा ऋण बाजूचा अ‍ॅनोड आणि मध्ये प्लास्टिकचा सेपरेटर. असे साधारण वीस वेढे. एक्स-रेत कॅथोड जाड काळा पट्टा म्हणून दिसतो, अ‍ॅनोडचं ग्रॅफाइट फिकट पडतं आणि त्याच्या पोटात तांब्याची बारीक काळी रेघ. जाड-बारीक, जाड-बारीक अशी ही नक्षी डाव्या-उजव्या कडेजवळ स्पष्ट येते, कारण तिथे किरण थरांना समांतर जातात. मधोमध सगळे वेढे एकमेकांवर पडून नुसता करडा पडदा होतो. नवखा माणूस नेहमी सेलच्या मध्यभागी बघतो. बघायचं असतं कडेला.

कडेला तरी नेमकं कुठे? वेढ्यांची वरची आणि खालची टोकं बघा. चांगल्या सेलमध्ये अ‍ॅनोडची पट्टी कॅथोडपेक्षा जरा रुंद ठेवतात, म्हणजे बारीक रेघा जाड पट्ट्यांच्या पुढे थोड्या बाहेर आलेल्या दिसतात. अर्धा-एक मिलिमीटर, दोन्ही टोकांना, प्रत्येक वेढ्याला. याला ओव्हरहँग म्हणतात. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन कॅथोडमधून निघून समोरच्या ग्रॅफाइटमध्ये शिरतात. समोर ग्रॅफाइटच नसेल तर ते त्या कडेवर धातू म्हणून साचू लागतात आणि तिथून शॉर्ट सर्किटची वाट तयार होते. म्हणून मी सेल पाहताना पहिली मिनिटं फक्त ही टोकं पाहण्यात घालवतो. रेघा एका पातळीत आहेत का? की एका बाजूला बाहेर आणि दुसऱ्या बाजूला आत, म्हणजे गुंडाळी तिरकी झाली? एखादा काळा पट्टा रेघेला ओलांडून पुढे गेलाय का? लुमाफील्ड या सीटी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने २०२५ मध्ये हजाराहून जास्त १८६५० सेल स्कॅन केले, तेव्हा ३३ सेलांत कॅथोड अ‍ॅनोडच्या पुढे गेलेला सापडला. ते सगळे स्वस्त किंवा नकली ब्रँडचे होते. असा सेल विकत घेताना नवाकोरा दिसतो, व्होल्टेज बरोबर दाखवतो, चार्जही होतो.

नकली सेलची दुसरी जात मात्र विनोदी असते. बाहेर लिहिलेलं ९९०० मिलिअँपिअर-तास. या आकाराच्या डब्यात ३५०० च्या आसपास मिळाले तरी उत्तम म्हणायचं, त्यामुळे छापील आकडाच चुगली करतो. माझ्याकडे असा एक सेल आला होता. यंत्रात ठेवला तर मोठ्या डब्यात एक लहानसा सेल तिरका पडलेला, बाजूने कसली तरी भुकटी ठासलेली आणि वरच्या टोपीपर्यंत एक वाकडी पट्टी नेलेली. चित्र पाहून खोलीतले सगळे हसले. खरं सांगायचं तर त्यासाठी एक्स-रेची गरज नव्हती. चांगला १८६५० पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम भरतो. साधा वजनकाटा आणि क्षमता मोजणारा चार्जर हे दोघं मिळून बहुतेक नकली सेल पकडतात. यंत्राचा खर्च करण्याआधी तेवढं करून घ्या.

डब्याची टोपी ही माझी आवडती जागा. तिच्यात एकाखाली एक बारीक चकत्या असतात आणि त्यांतली एक फुगीर चकती खालच्या चकतीला एका ठिपक्याएवढ्या वेल्डने जोडलेली असते. आत दाब वाढला की ती टपकन वर उचलली जाते, वेल्ड तुटतो आणि प्रवाह बंद होतो. मीटरवर शून्य दाखवणारा ‘मेलेला’ सेल आला की मी आधी ही चकती बघतो. वर गेलेली असेल आणि खाली फट दिसत असेल तर सेलने स्वतःच स्वतःला बंद केलंय. असा सेल ठोकून-वाकवून पुन्हा चालू करायचे उद्योग लोक करतात, ते करू नका. दाब का वाढला होता, ते कारण आत तसंच असतं.

जुन्या सेलांत आणखी एक गोष्ट दिसते. गुंडाळीच्या मध्यभागी पोकळी असते. शेकडो चार्ज-डिस्चार्जमध्ये थर फुगत-आकसत राहतात आणि आधार नसला की सर्वांत आतले वेढे त्या पोकळीत ढासळतात. आडव्या छेदात गोल वर्तुळांच्या जागी मध्येच दुमडलेली घडी दिसते. सेल न फोडता ती दिसणं महत्त्वाचं, कारण फोडला की गुंडाळीचा ताण सुटतो आणि घडी मुळात होती की फोडताना पडली, हे कुणीच सांगू शकत नाही.

ही छेदाची चित्रं साध्या एक्स-रेतून मिळत नाहीत, त्याला सीटी लागतं. सेल फिरत्या बैठकीवर ठेवायचा, पूर्ण ३६० अंशांत हजार-दोन हजार चित्रं घ्यायची आणि संगणकाने त्यांतून घनाकृती उभी करायची. स्टीलचा डबा आणि तांबं भेदायला १८६५० ला सव्वाशे-दीडशे किलोव्होल्ट तरी लावावे लागतात, आणि कमी ऊर्जेचे किरण आधीच गाळायला नळीसमोर तांब्याची पातळ पट्टी ठेवतो. ती विसरलात तर कडा उगाच गडद आणि मध्य फिकट येतो आणि नसलेला फरक दिसायला लागतो. बारकाव्याची मर्यादाही लक्षात ठेवा. अठरा मिलिमीटर रुंदीचा सेल दोन हजार पिक्सेलांत बसवला तर एक ठिपका नऊ-दहा मायक्रॉनचा होतो. सेपरेटर असतो दहा-वीस मायक्रॉनचा, तोही प्लास्टिकचा, दोन गडद थरांत दाबलेला. त्यातलं भोक शोधून द्या म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो.

सीटी का लागतं याचा धडा मला एका चुकीतून मिळाला. सुरुवातीच्या दिवसांत एका सेलच्या साध्या चित्रात गुंडाळीच्या आत काळा कण दिसला आणि मी ‘आत धातूचा कण’ असा अहवाल लिहून मोकळा झालो. वरिष्ठांनी काही न बोलता सेल नव्वद अंशांत फिरवला. कण गुंडाळीतून निघून डब्याच्या बाहेरच्या कडेवर जाऊन बसला. वेष्टनाखाली चिकटलेला वेल्डिंगचा थेंब होता तो. सावलीत खोली नसते, हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण उमगलं त्या दिवशी.

मोबाइलच्या चपट्या बॅटरीत कोपरे आणि टॅब, म्हणजे इलेक्ट्रोडपासून बाहेर नेलेल्या धातूच्या पट्ट्या, बघायच्या. २०१६ च्या गॅलेक्सी नोट ७ च्या आगी आठवत असतील. सॅमसंगने जानेवारी २०१७ मध्ये कारणं जाहीर केली. एका पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात जागा अपुरी पडून ऋण इलेक्ट्रोड वाकला होता, तर दुसऱ्याच्या बॅटरीत धन टॅबच्या वेल्डिंगला राहिलेली टोकं इन्सुलेशन आणि सेपरेटरमधून आरपार गेली होती. दोन्ही दोष मुळात जागेचे आणि आकाराचे, म्हणजे एक्स-रेच्या आवाक्यातले. नंतर कंपनीने जाहीर केलेल्या आठ टप्प्यांच्या तपासणीत एक्स-रे होताच. जानेवारी २०१३ मध्ये बॉस्टनच्या विमानतळावर बोइंग ७८७ ची बॅटरी पेटली, तेव्हा अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेनेही सेल उघडण्याआधी त्यांचे सीटी स्कॅन करून घेतले. जळक्या पुराव्याला हात लावण्याआधी आत काय कुठे आहे याची नोंद झाली पाहिजे.

पेटतानाच बघायचं असेल तर सिंक्रोट्रॉनचा, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून एक्स-रे काढणाऱ्या अवाढव्य यंत्राचा, प्रखर झोत लागतो. २०१५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या गटाने फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे, ईएसआरएफ या सिंक्रोट्रॉन केंद्रात, सेल तापवून आत काय घडतं ते टिपलं. त्यात तांबं वितळून झालेले गोळे सापडले. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, तेव्हा आतलं तापमान कुठे पोचलं होतं ते वेगळं मोजावं लागलं नाही.

आता न दिसणारं. ग्रॅफाइटवर साचलेलं पातळ लिथियम, त्याचे सुईसारखे वाढणारे डेंड्राइट, इलेक्ट्रोलाइटचं विघटन, लिथियम सेलमध्ये राहिलेला चार्ज, यांतलं काहीही नेहमीच्या एक्स-रेत उमटत नाही. बॅटरी फुगली असेल तर थरांमधल्या वायूच्या फटी दिसतात, पण वायू कसला ते नाही. लिथियमसाठी न्यूट्रॉन इमेजिंग वापरतात. न्यूट्रॉन स्टीलमधून बरेचसे आरपार जातात आणि लिथियम व हायड्रोजनला अडतात, म्हणजे एक्स-रेच्या नेमकं उलट. पण त्यासाठी अणुभट्टी किंवा तसाच मोठा स्रोत लागतो. म्हणून ‘एक्स-रेत काही सापडलं नाही’ एवढंच मी अहवालात लिहितो. ‘सेल सुरक्षित आहे’ असं लिहून द्या म्हणून आग्रह होतो, तो मी मानत नाही.

बॅटरीचा सर्वांत तातडीचा एक्स-रे मात्र आमच्या प्रयोगशाळेत नाही, दवाखान्यात निघतो. मुलाने चपटा गोल सेल गिळला की तो. सीआर२०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, समोरून नाण्यासारखाच दिसतो. पण नीट पाहिलं तर कडेच्या आत दुसरं वर्तुळ दिसतं, आणि बाजूने पाहिलं तर पायरी दिसते, कारण ऋण बाजूची वाटी धन बाजूच्या वाटीत बसवलेली असते. नाण्याला हे दोन्ही नसतं. हा फरक फार मोलाचा. सेल अन्ननलिकेत अडकला तर त्याच्या प्रवाहाने ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होतो आणि अवघ्या दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. सेल फुटावा लागत नाही. उपकरण चालवू न शकणारा ‘संपलेला’ सेलही हे करू शकतो. गिळल्याची नुसती शंका असली तरी थेट रुग्णालय गाठा, दुखायला लागायची वाट बघू नका.

उरलेले दोन उपप्रश्न. एक्स-रेने बॅटरी बिघडते का? नाही, किरणोत्सारीही होत नाही. विमानतळावरच्या यंत्रातून कितीही वेळा गेली तरी फरक पडत नाही. घरी यंत्र बनवून हे करता येईल का? करू नका. उच्च दाबाची नळी आणि शिशाच्या आवरणाविना किरण, यांत बॅटरी हाच सर्वांत कमी धोक्याचा भाग असेल. स्कॅन करून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे सेल द्यायचा असेल तर चार्ज तीस टक्क्यांच्या आसपास आणा, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, आणि फुगलेला, गरम होणारा किंवा ठेचलेला असेल तर आधी फोन करून विचारा. आम्ही तो घेऊच असं नाही.